एकच आज्ञा, चार शेल: कोड इंटरप्रिटरपर्यंत शाबूत कसा पोचवायचा

लिनक्सवर बिनतक्रार चालणारी पर्लची किंवा पायथनची एका ओळीची आज्ञा विंडोजवर चिकटवली की मोडते आणि पहिला संशय भाषेवर जातो. भाषा बहुधा निर्दोष असते. तुम्ही टाइप केलेली ओळ आणि इंटरप्रिटरच्या (कोड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) हाती पडलेली ओळ यांच्यामध्ये शेल (आज्ञा वाचणारा प्रोग्राम) बसलेलं असतं. ते अवतरणचिन्हं काढून घेतं, डॉलर उलगडतं, तारकेच्या जागी फाइलींची नावं भरतं आणि उरलंसुरलं पुढे ढकलतं. बॅश, झेडशेल, सीएमडी आणि पॉवरशेल या चौघांचे नियम एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून काहीही बिघडलं की आधी एवढंच विचारायचं: ओळ कोणी फोडली, आणि फोडल्यावर हातात काय उरलं?

खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना नेहमीची रोमन अक्षरं वापरायची. चिन्हं मात्र जशीच्या तशी, कारण सगळा खेळ चिन्हांचाच आहे.

ओळ फोडतं कोण?

युनिक्सच्या घराण्यात (लिनक्स, मॅकओएस, बीएसडी) शेल ओळीचे तुकडे करतं, त्यांची यादी बनवतं आणि कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ती यादी प्रोग्रामच्या हवाली करतो. प्रोग्रामला अवतरणचिन्हं दिसतही नाहीत.

विंडोजवर यादी नसतेच. नवा प्रोसेस सुरू होताना त्याला एक सलग मजकूर मिळतो, जास्तीत जास्त ३२,७६७ अक्षरांचा. सीएमडीतून गेलात तर मर्यादा ८,१९१. तो मजकूर फोडण्याचं काम प्रोग्रामचं स्वतःचं. बहुतेक प्रोग्राम ते सी भाषेच्या रनटाइमवर (प्रोग्रामसोबत येणाऱ्या तयार कोडवर) सोडतात. म्हणजे तिथे ओळ दोनदा वाचली जाते. आधी सीएमडी आपल्या कामाची चिन्हं (& | < > ^ %) वेचून घेतं आणि मग रनटाइम दुहेरी अवतरणं पाहून तुकडे करतं. या दोन्ही वाचकांना एकेरी अवतरणचिन्हाशी काही देणंघेणं नाही. त्यांच्या लेखी ते साधं अक्षर.

हे डोळ्यांनी बघायला दोन ओळींचा आरसा पुरतो. आरसा.पीवाय नावाच्या फाइलीत लिहा:

    इम्पोर्ट सिस
    प्रिंट(सिस.आर्गव्ही[१:])

आता फोल्डरमध्ये एक.टीएक्सटी आणि दोन.टीएक्सटी अशा दोन फाइली ठेवून प्रत्येक शेलमध्ये हीच ओळ द्या:

    पायथन आरसा.पीवाय 'लाल फूल' "निळं पान" *.टीएक्सटी

बॅश आणि झेडशेलमध्ये उत्तर येतं:

    ['लाल फूल', 'निळं पान', 'एक.टीएक्सटी', 'दोन.टीएक्सटी']

सीएमडीत:

    ["'लाल", "फूल'", 'निळं पान', '*.टीएक्सटी']

विंडोजवरच्या पॉवरशेलमध्ये:

    ['लाल फूल', 'निळं पान', '*.टीएक्सटी']

सीएमडीत लाल फुलाचे दोन तुकडे झाले आणि तारका तशीच राहिली. विंडोजवर तारका उलगडणं ही शेलची जबाबदारी नाही, प्रोग्रामची आहे. पायथन आणि पर्ल दोघंही ती आपणहून उलगडत नाहीत. दोन्हीकडे चालणारी स्क्रिप्ट लिहायची असेल तर मिळालेलं प्रत्येक नाव पायथनच्या ग्लॉब मॉड्यूलमधून (तारकेला जुळणारी नावं शोधणाऱ्या कोडमधून) एकदा फिरवून घ्या. नाव आधीच उलगडलेलं असेल तर सहसा तेच परत मिळतं. पण नावातच चौकोनी कंस असलेली फाइल ग्लॉबला सापडत नाही, म्हणून आधी ‘अशी फाइल आहे का’ हे तपासा आणि नसेल तेव्हाच ग्लॉबकडे जा. झेडशेलची आणखी एक खोड: तारकेला एकही फाइल जुळली नाही तर बॅश तारका तशीच पुढे पाठवतं, झेडशेल ‘नो मॅचेस फाउंड’ म्हणून आज्ञाच नाकारतं. चौकोनी कंसांनाही हाच नियम लागू. त्यामुळे पिपला (पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रामला) पॅकेजच्या नावापुढे कंसात जादा भाग सांगायचा असेल तर झेडशेलमध्ये ते नाव अवतरणात घालावं लागतं. मॅकओएसमध्ये २०१९च्या कॅटालिनापासून झेडशेलच मूळ शेल आहे, त्यामुळे ही ठेच बऱ्याच जणांना लागते.

काहीही अडलं की इंटरप्रिटरच्या जागी हा आरसा ठेवून तीच ओळ चालवा. अर्ध्या मिनिटात कळतं.

एका ओळीचा कोड

पर्लची रोजच्या वापरातली ओळ घेऊ. प्रत्येक ओळीचा पहिला स्तंभ छापायचा आहे:

    पर्ल -एलएएनई 'प्रिंट $एफ[०]' नोंद.टीएक्सटी

बॅश, झेडशेल आणि पॉवरशेलमध्ये ही चालते, कारण तिघांतही एकेरी अवतरणातला मजकूर अस्पर्श राहतो. सीएमडीत पर्ल तक्रार करतं की ' ने सुरू झालेल्या मजकुराचा शेवट सापडला नाही. कारण वर पाहिलंच: कोड म्हणून पर्लला फक्त 'प्रिंट एवढंच मिळालं आणि $एफ[०]' हे त्याला फाइलीचं नाव वाटलं. सीएमडीत बाहेर दुहेरी अवतरण लागतं:

    पर्ल -एलएएनई "प्रिंट $एफ[०]" नोंद.टीएक्सटी

डॉलर सीएमडीसाठी बिनमहत्त्वाचा आहे, त्यामुळे ही ओळ तिथे ठणठणीत. पण हीच ओळ उचलून बॅशमध्ये चिकटवली की बॅश $एफ हे आपलं व्हेरिएबल समजतं. ते रिकामं असतं, म्हणून पर्लला मिळतं ‘प्रिंट [०]’, आणि प्रत्येक ओळीमागे ‘अ‍ॅरे’ व कंसात मेमरीचा पत्ता छापला जातो. झेडशेल एक पाऊल पुढे जाऊन [०] सुद्धा व्हेरिएबलचाच भाग धरतं. मग उरतं नुसतं ‘प्रिंट’, आणि पहिल्या स्तंभाऐवजी अख्खी ओळ छापली जाते. हा प्रकार जास्त घातक, कारण चूक झाल्याचा संदेशच येत नाही.

आता कोडच्या आत अवतरण आलं की गुंता वाढतो:

    पर्ल -एलएएनई 'प्रिंट "$एफ[०]-$एफ[२]"' नोंद.टीएक्सटी

विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेल ५.१मध्ये, तसंच ७.२पर्यंतच्या सर्व आवृत्त्यांमध्ये, बाहेरच्या प्रोग्रामला आर्ग्युमेंट (आज्ञेच्या नावापुढचा तुकडा) देताना आतली दुहेरी अवतरणं राखली जात नाहीत. पॉवरशेल सगळ्या मजकुराभोवती अवतरण लावतं, पण आतल्यांपुढे बॅकस्लॅश घालत नाही. रनटाइम ते वाचताना आतली चिन्हं गाळून टाकतं आणि पर्लच्या हाती पडतं: प्रिंट $एफ[०]-$एफ[२]. जोडणीऐवजी वजाबाकी! स्तंभांत आकडे असतील तर उत्तरही खरं वाटण्यासारखं येतं. पॉवरशेल ७.३पासून ही खोट दुरुस्त झाली आहे. पण ज्या यंत्रावर स्क्रिप्ट जाणार तिथे कोणती आवृत्ती असेल याचा भरवसा नसतो.

पर्लमध्ये यावर जुना आणि पक्का उपाय आहे. अवतरणचिन्हं वापरायचीच नाहीत. एकेरीऐवजी क्यू( ), दुहेरीऐवजी क्यूक्यू( ):

    प्रिंट क्यूक्यू($एफ[०]-$एफ[२])

एवढं केलं की आतला कोड सगळीकडे सारखा राहतो. बदलतं फक्त बाहेरचं चिन्ह. युनिक्स आणि पॉवरशेलमध्ये एकेरी, सीएमडीत दुहेरी. सगळीकडे चालेल असं एकच बाहेरचं चिन्ह पर्लला मिळत नाही, कारण पर्लमध्ये डॉलरवाचून पान हलत नाही. ते शोधण्यात वेळ घालवू नका.

पायथनचं सोपं आहे. डॉलर लागत नाही, आणि मजकुरासाठी एकेरी व दुहेरी दोन्ही अवतरणं चालतात. म्हणून बाहेर दुहेरी, आत एकेरी हा एकच साचा चारही शेलमध्ये टिकतो:

    पायथन -सी "प्रिंट('नमस्कार')"

पण कोडमध्ये पाच चिन्हं येऊ द्यायची नाहीत: डॉलर, उलटं अवतरण (`) म्हणजे बॅकटिक, उद्गारचिन्ह, टक्का आणि अवतरणाला चिकटलेला बॅकस्लॅश. बॅश दुहेरी अवतरणाच्या आतही डॉलर आणि बॅकटिक उलगडतं. प्रॉम्प्टवर (थेट आज्ञा टाइप करत) काम करताना उद्गारचिन्हाला लागून अक्षर आलं तर ते जुनी आज्ञा शोधायला जातं आणि ‘इव्हेंट नॉट फाउंड’ म्हणतं. पॉवरशेलमध्ये बॅकटिक हेच सुटकेचं चिन्ह (पुढच्या अक्षराचा अर्थ बदलणारं) आहे. टक्क्याची गंमत तर पाहण्यासारखी:

    पायथन -सी "प्रिंट('%डी' % ५)"

सीएमडीच्या प्रॉम्प्टवर हे ५ छापतं. तीच ओळ बॅच फाइलीत (सीएमडीच्या आज्ञांच्या फाइलीत) टाकली की सिंटॅक्सची चूक. सीएमडी दोन टक्क्यांमधला मजकूर व्हेरिएबलचं नाव समजतं. असं व्हेरिएबल अस्तित्वात नसेल तर प्रॉम्प्टवर मजकूर तसाच ठेवला जातो, बॅच फाइलीत मात्र तो पुसला जातो. उरतं: प्रिंट(' ५). बॅच फाइलीत प्रत्येक टक्का दोनदा लिहायचा, किंवा फॉरमॅटची दुसरी पद्धत वापरायची.

बॅकस्लॅशचा नियम विंडोजच्या रनटाइमचा आहे आणि तो एकदा नीट समजून घेतलेला बरा. बॅकस्लॅश एरवी साधं अक्षर असतं. पुढे दुहेरी अवतरण आलं तरच त्याला अर्थ येतो. अवतरणाआधी बॅकस्लॅशची संख्या सम असेल तर ते निम्मे होतात आणि अवतरण आपलं उघडण्या-मिटण्याचं काम करतं. विषम असेल तर अवतरण अक्षर बनून मजकुरात शिरतं. त्यामुळे फोल्डरचं नाव बॅकस्लॅशने संपवणं धोक्याचं:

    पायथन आरसा.पीवाय "सी:\नोंदी\" दुसरा

दोनऐवजी एकच आर्ग्युमेंट मिळतं, आणि त्यात ‘दुसरा’ही चिकटलेला असतो. शेवटचा बॅकस्लॅश काढा किंवा दोन लिहा. त्याहून बरं म्हणजे पुढे झुकलेला साधा स्लॅश वापरा. विंडोजच्या फाइल उघडणाऱ्या यंत्रणेला तो चालतो. अडतं ते सीएमडीच्या अंगच्या आज्ञांमध्ये, कारण तिथे स्लॅश म्हणजे स्विच, पर्यायाची खूण.

सीएमडीला मात्र बॅकस्लॅश-अवतरण ही जोडी ठाऊकच नाही. त्याच्या हिशेबात प्रत्येक दुहेरी अवतरण उघडतं किंवा मिटतं. म्हणून "प्रिंट \"अ > ब\"" असं लिहिलंत तर रनटाइमच्या दृष्टीने > अवतरणात आहे, पण सीएमडीच्या दृष्टीने उघड्यावर. सीएमडी आधी वाचतं, त्यामुळे छापायचा मजकूर फाइलीकडे वळवण्याचा प्रयत्न होतो. इथेही क्यूक्यू( ) कामाला येतं.

कोड तीन ओळींच्या पुढे गेला, किंवा त्यात दोन्ही अवतरणं आणि डॉलर एकत्र आले, तर आज्ञेत कोंबणं सोडा आणि फाइल करा. सुटकेची चिन्हं मोजत बसण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त. फाइल नकोच असेल तर कोड स्टँडर्ड इनपुटमधून (प्रोग्रामला मजकूर पुरवणाऱ्या वाटेने) द्या. बॅश आणि झेडशेलमध्ये:

    पायथन३ - <<'ईओएफ'
    प्रिंट("काहीही 'लिहा' $इथे")
    ईओएफ

पहिल्या ईओएफभोवतीची अवतरणं विसरू नका. त्यांच्यामुळेच आतला डॉलर सुरक्षित राहतो. पॉवरशेलमध्ये @' आणि '@ या दोन खुणांच्या मध्ये कोड लिहून पाईपने (एकाचं आउटपुट दुसऱ्याला देणाऱ्या | चिन्हाने) पायथनकडे सोडा. शेवटची खूण ओळीच्या अगदी सुरुवातीला हवी, आधी एक जागाही चालत नाही. सीएमडीत अशी सोयच नाही. शिवाय या मार्गाने स्टँडर्ड इनपुट कोडसाठी खर्ची पडतो, त्यामुळे डेटा पाईपने देता येत नाही.

कोणता इंटरप्रिटर?

‘पायथन’ हे नाव सगळीकडे एकाच गोष्टीला लागत नाही. डेबियन आणि उबंटूवर नुसतं पायथन बहुधा सापडत नाही, पायथन३ लिहावं लागतं. मॅकओएसने १२.३मध्ये, म्हणजे २०२२ साली, जुनं २.७ काढून टाकलं. विंडोजवर उलट: मूळ इन्स्टॉलर पायथन.एक्सई ठेवतो, आणि शिवाय पीवाय हा लाँचर देतो. पायथन ३.३पासून तो सोबत येतो. पाथमध्ये (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) काय आहे याची फिकीर न करता पीवाय -३ म्हटलं की तिसरी पिढी मिळते.

विंडोज १०च्या २०१९मधल्या आवृत्तीपासून आणखी एक फसवं दार आहे. पायथन बसवलेलं नसताना ते नाव टाइप केलं तर स्टोअरचं पान उघडतं. तिथे पायथन.एक्सई नावाची एक पोकळ फाइल असते, त्यामुळे ‘पायथन आहे का’ हे नुसत्या नावावरून तपासणाऱ्या बॅच फाइली फसतात. ‘पायथन -सी’ने काहीतरी छापून घ्या आणि छापलं गेलं का तेच तपासा. नको असेल तर सेटिंग्जमधल्या अ‍ॅप एक्झिक्यूशन अलायसेसमध्ये ते बंद करता येतं.

पिप थेट चालवू नका. ‘पायथन३ -एम पिप’ किंवा ‘पीवाय -३ -एम पिप’ म्हणा. ज्या इंटरप्रिटरला पॅकेज हवं त्यालाच ते मिळेल. स्क्रिप्टच्या आतून दुसरी स्क्रिप्ट सुरू करतानाही नाव अंदाजाने लिहायचं नाही, सिस.एक्झिक्यूटेबल (चालू इंटरप्रिटरचा पत्ता) वापरायचं.

पहिली ओळ

युनिक्सवर स्क्रिप्ट थेट नावाने चालते ती पहिल्या ओळीमुळे:

    #!/युएसआर/बिन/एन्व्ही पायथन३

लिनक्सचा कर्नेल इंटरप्रिटरच्या नावापुढचा सगळा मजकूर एकच आर्ग्युमेंट मानतो. म्हणून शेवटी ‘पर्ल -डब्ल्यू’ लिहिलंत तर एन्व्ही (नावावरून प्रोग्राम शोधून चालवणारी आज्ञा) ‘पर्ल -डब्ल्यू’ याच नावाचा, मधल्या जागेसकट, प्रोग्राम शोधतं आणि हात हलवत परत येतं. एन्व्हीला -एस हा स्विच दिला की तुकडे होतात. जीएनयू कोअरयुटिल्समध्ये तो ८.३०पासून, म्हणजे २०१८पासून आहे. जुन्या सर्व्हरवर जायचं असेल तर स्विच टाळा. पर्लमध्ये -डब्ल्यूऐवजी कोडमध्ये ‘यूज वॉर्निंग्ज’ लिहिता येतंच. ओळ लांबही नको. लिनक्स ५.१च्या आधी मर्यादा १२७ अक्षरांची होती, आता २५५ आहे. खोल फोल्डरांतल्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (प्रकल्पापुरत्या वेगळ्या पायथनमध्ये) जुनी मर्यादा खरोखर ओलांडली जाते.

विंडोजवर कर्नेल ही ओळ पाहत नाही. पीवाय लाँचर मात्र ती वाचतो आणि त्यातला युनिक्सचा पत्ताही समजून घेतो. म्हणून विंडोजपुरती वेगळी ओळ ठेवायची गरज नाही.

दोन अदृश्य गोष्टी ही ओळ नासवतात. एक, विंडोजच्या एडिटरने ओळीच्या शेवटी ठेवलेलं कॅरेज रिटर्न. कर्नेल किंवा एन्व्ही मग ‘पायथन३’ आणि त्याला चिकटलेलं ते अदृश्य अक्षर अशा नावाचा प्रोग्राम शोधतो. संदेश येतो ‘बॅड इंटरप्रिटर’ किंवा ‘नो सच फाइल’, कधी ^एम अशा खुणेसह. फाइल समोर दिसत असताना ‘फाइल नाही’ असं उत्तर आलं की पहिला संशय याचाच घ्या. दुसरी, यूटीएफ-८च्या सुरुवातीला बसणारं तीन बाइटांचं बीओएम, म्हणजे एन्कोडिंगची खूण. त्यामुळे फाइल #! ने सुरूच होत नाही. कर्नेल नकार देतो आणि शेल ती स्वतःच्याच भाषेतली स्क्रिप्ट समजून चालवायला घेतं. यंत्रावर इमेजमॅजिक असेल तर आणखी मजा. त्यातल्या स्क्रीनचं चित्र घेणाऱ्या आज्ञेचं नाव इम्पोर्ट आहे. ‘इम्पोर्ट ओएस’ ही पायथनची ओळ शेलने चालवली की माउसचा बाण अधिक चिन्हासारखा होतो, स्क्रिप्ट थिजून बसते, आणि क्लिक केल्यावर फोल्डरमध्ये ओएस नावाची फाइल येते. अशी एखादी फाइल सापडली तर तिचं मूळ हे.

कॅरेज रिटर्नवर कायमचा इलाज गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रोग्राममध्ये) करा. .गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलीत .एसएच, .पीवाय आणि .पीएल यांना ईओएल=एलएफ (ओळीचा शेवट युनिक्सचा), तर .बॅट आणि .सीएमडी यांना ईओएल=सीआरएलएफ (विंडोजचा) अशी सक्ती करा. चालवण्याची परवानगी विंडोजवरून सीएचमॉडने गिटपर्यंत पोचत नाही; ‘गिट अपडेट-इंडेक्स --सीएचमॉड=+एक्स’ ही आज्ञा लागते.

विंडोजवरचं बॅश

गिट बॅश आणि एमएसवायएस२ (विंडोजवर बॅश पुरवणारे संच) दिसायला लिनक्स असले तरी त्यांतून विंडोजचा प्रोग्राम सुरू झाला की ते आर्ग्युमेंटांमधले पत्ते आपणहून बदलतात. आरशाला /सी दिलं की हाती सी:/ येतं. /नोंदी दिलं की गिट जिथे बसवलं आहे त्या फोल्डरचा पत्ता पुढे चिकटतो. फाइलींच्या पत्त्यांसाठी ही सोय आहे, पण स्लॅशने सुरू होणारा रेग्युलर एक्स्प्रेशन किंवा वेब पत्त्याचा तुकडा द्यायचा असेल तर तो वाट्टेल तसा बदलतो. त्या एका आज्ञेपुरतं हे थांबवायला गिट बॅशमध्ये आज्ञेच्या आधी एमएसवायएस_नो_पाथकॉन्व्ह=१ लिहा. गिट बॅशबरोबर येणारं पर्ल त्याच कुटुंबातलं असल्याने त्याला हा बदल लागू होत नाही. वेगळं बसवलेलं स्ट्रॉबेरी पर्ल मात्र विंडोजचा प्रोग्राम ठरतं. ‘पर्लमध्ये चालतं, पायथनमध्ये नाही’ अशा तक्रारीमागे कधीकधी एवढंच असतं.

डब्ल्यूएसएलमधून (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समधून) विंडोजचं पायथन.एक्सई चालवता येतं, पण ते ओळी सीआरएलएफने संपवतं. $( ) मध्ये पकडलेल्या मजकुराच्या टोकाला कॅरेज रिटर्न राहतो, आणि मग डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द तुलनेत वेगळे निघतात. ‘टीआर -डी’ने तो काढा. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही या सीमेपलीकडे आपोआप जात नाहीत; त्यांची नावं डब्ल्यूएसएलएन्व्हमध्ये लिहावी लागतात.

अक्षरं आणि एन्कोडिंग

देवनागरी छापणाऱ्यांना हा भाग टाळताच येत नाही. विंडोजवर पायथन ३.६पासून पडद्यावरची देवनागरी यूटीएफ-८ने जाते, म्हणून पडद्यावर सगळं आलबेल दिसतं. आउटपुट फाइलीकडे किंवा पाईपकडे वळवलं की पायथन यंत्राचं जुनं कोड पेज (अक्षरांचा तक्ता) वापरतं, त्यात देवनागरी नसते आणि ‘चारमॅप कोडेक’च्या नावाने एरर येतो. पायथन ३.७पासूनचा उपाय:

    पायथन -एक्स यूटीएफ८ स्क्रिप्ट.पीवाय > उत्तर.टीएक्सटी

किंवा पायथनयूटीएफ८ हे व्हेरिएबल १ करून ठेवा. ते सेट करण्याची तऱ्हा प्रत्येक शेलची वेगळी. युनिक्सवर आज्ञेच्या आधी नुसतं ‘पायथनयूटीएफ८=१’, पॉवरशेलमध्ये $एन्व्ह:पायथनयूटीएफ८ = '१'. सीएमडीत बहुतेक जण असं लिहितात:

    सेट पायथनयूटीएफ८=१ && पायथन स्क्रिप्ट.पीवाय

आणि पायथन सुरू होण्याआधीच मरतं, व्हेरिएबलची किंमत अवैध आहे म्हणून. सीएमडीने १ नंतरची रिकामी जागाही किमतीत धरली आणि पायथनला तिथे ० किंवा १ सोडून काही चालत नाही. ‘सेट "पायथनयूटीएफ८=१"’ असं अवतरणात लिहिलं की जागा बाहेर राहते.

पॉवरशेल ५.१चं > चिन्ह फाइल यूटीएफ-१६मध्ये लिहितं, आणि पाईपने बाहेरच्या प्रोग्रामला दिलेली देवनागरी प्रश्नचिन्हांत बदलतं, कारण त्याचं $आउटपुटएन्कोडिंग मुळात आस्की असतं. बाइट जसेच्या तसे एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जाणं पॉवरशेलमध्ये ७.४पासून सुरू झालं. त्याआधीच्या आवृत्त्यांत चित्रं किंवा झिप पाईपमधून नेऊ नका. स्क्रिप्टला -ओ सारखा स्विच द्या आणि फाइल तिनेच लिहू दे.

दोन छोट्या आवरण-फाइली

स्क्रिप्ट दुसऱ्यांना द्यायची असेल तर वापरणाऱ्याने इंटरप्रिटरचं नावही टाइप करू नये. युनिक्ससाठी ‘चालव’:

    #!/बिन/एसएच
    इथे=$(सीडी "$(डिरनेम "$०")" && पीडब्ल्यूडी) || एक्झिट १
    एक्झेक पायथन३ "$इथे/मुख्य.पीवाय" "$@"

"$@" भोवतीची अवतरणं काढली तर जागा असलेली नावं पुन्हा फुटतात. एक्झेकमुळे शेल बाजूला होतं, त्यामुळे सिग्नल आणि एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा) थेट पायथनशी बोलतात. बॅशच्या खास सोयी इथे वापरू नका. डेबियन आणि उबंटूवर /बिन/एसएच म्हणजे डॅश हे साधं शेल.

विंडोजसाठी ‘चालव.बॅट’:

    @एको ऑफ
    पीवाय -३ "%~डीपी०मुख्य.पीवाय" %*
    एक्झिट /बी %एररलेव्हल%

%~डीपी० म्हणजे बॅच फाइलीचं फोल्डर, आणि ते बॅकस्लॅशने संपतं. म्हणून ते एकटंच अवतरणात घालून आर्ग्युमेंट म्हणून द्यायचं नाही; वरचा ‘नोंदी’चा अपघात तिथेही होतो. द्यायचंच असेल तर "%~डीपी०." असा शेवटी टिंब ठेवा. दुसऱ्या बॅच फाइलीतून ही बोलवायची तर आधी ‘कॉल’ लिहा, नाहीतर ही संपल्यावर पहिली पुढे सरकतच नाही. फाइल बीओएमशिवाय जतन करा, नाहीतर पहिलीच ओळ सीएमडीला अनोळखी वाटते. कंट्रोल-सी दाबल्यावर ‘टर्मिनेट बॅच जॉब’ हा प्रश्न येणारच. त्याला सरळ उपाय नाही.

एक्झिट कोड ० ते २५५च्या आत ठेवा. विंडोजवर तो ३२ बिटांचा असतो, पण युनिक्सवर खालचे आठ बिटच उरतात आणि २५६ देऊन बाहेर पडलेली स्क्रिप्ट यशस्वी ठरते. उणे आकडाही नको: सीएमडीतलं ‘इफ एररलेव्हल १’ म्हणजे ‘एक किंवा जास्त’, त्यातून उणे आकडे निसटतात. बॅशमध्ये कोड $? मध्ये मिळतो, पॉवरशेलमध्ये $लास्टएक्झिटकोडमध्ये. पॉवरशेलचं $? फक्त खरं-खोटं सांगतं.

उलट्या दिशेने, म्हणजे स्क्रिप्टमधून दुसरा प्रोग्राम चालवताना, ओळ जोडत बसू नका. पायथनच्या सबप्रोसेस.रनला यादी द्या आणि शेल=ट्रू टाळा. यादी आणि शेल=ट्रू एकत्र दिले तर युनिक्सवर फक्त पहिला घटक आज्ञा ठरतो, बाकीचे शेलच्याच आर्ग्युमेंटांत जिरतात. एसएचलेक्स.कोट (मजकूर अवतरणात बांधणारं फंक्शन) हे युनिक्सच्या शेलपुरतं आहे, सीएमडीसाठी ते संरक्षण नव्हे. आणि चालवायची गोष्ट .बॅट किंवा .सीएमडी असेल तर यादी दिली तरी विंडोज मध्ये सीएमडीला आणतंच, म्हणजे & आणि % पुन्हा जिवंत होतात. याच फटीतून आज्ञा घुसवता येतात हे २०२४ साली रस्टसह अनेक भाषांच्या बाबतीत उघड झालं. बाहेरून आलेला मजकूर बॅच फाइलीला आर्ग्युमेंट म्हणून देऊ नका. स्टँडर्ड इनपुटमधून किंवा फाइलीतून द्या.